मुलुंडमधला माझा पोलिश तत्त्वज्ञ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि बायकोपासून काही लपवणं किती कठीण, ते संसार केलेल्यांना ठाऊक आहे.

आधी अभिमानाचं सांगतो, कारण तो अजून आहे. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या व्याख्यानमालेत पोलंडच्या तत्त्वज्ञावर बोलणारा मी एकटाच. कोण होते ते? तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, शिवाय पोलिश वाङ्मयाचा मोठा इतिहास लिहिणारे. नाव घेत नाही — त्यांच्याबद्दल मी पुरेसं बोललोय. कवींच्या जन्मतारखा काय लावत बसता, समाजानं कधी काय बोलायचं टाळलं ते शोधा, असं त्यांचं म्हणणं. हे मी घाटकोपरच्या कॉलेजात जीव ओतून शिकवायचो. मुलुंडच्या त्या संध्याकाळी तर असा बोललो, की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी खोकला दाबून धरला.

शेवटी सांगितलं — सरकारनं त्यांच्यापुढे कागद ठेवला, जिवलग मित्राविरुद्धच्या खोट्या तक्रारीचा. त्यांनी सही केली नाही. नोकरीवर पाणी सोडलं. टाळ्या थांबेनात. मी खरंच छान बोललो होतो, नाही कशाला म्हणू?

टाळ्या वाजवणाऱ्यांत सावंत होते. भांडुपच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. वडिलांची गिरणी बंद, घरात मिळवते हे एकटेच. पुढच्या आठवड्यात ते माझ्या घरी आले. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना एका शिक्षिकेला काढायचं होतं, आणि तिच्याविरुद्धच्या खोट्या तक्रारीवर सावंतांची सही हवी होती. समोरचा चहा त्यांनी घेतलाच नाही.

"सर, एकच विचारायचंय," ते म्हणाले. "त्या माणसानं खरंच सही नाय केली ना? म्हणजे, असं कोणी करतं ना?"

केली होती. सही केली, खुर्ची राखली, मित्र देशोधडीला लागला — आणि तो मोठा इतिहास त्याच खुर्चीत बसून लिहिला. व्याख्यानाआधी मी हे वाचलं होतं. विसरलो नव्हतो. मग सभेत का बोललो तसं? माझा माणूस लोकांच्या नजरेतून उतरू नये म्हणून. पण घरी? समोर एकाच्या चुलीचा प्रश्न असताना? — खरं सांगितलं असतं, तर त्या टाळ्या परत द्याव्या लागल्या असत्या.

"नाही केली," मी म्हणालो.

सावंतांची नोकरी गेली. चाळीतल्या खोलीत शिकवण्या घ्यायला लागले. मुलीचं कॉलेज सुटलं, ती एका दुकानात लागली. त्या शिक्षिकेची नोकरी मात्र वाचली. सावंत कधी हळहळले नाहीत. रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करायचे, सोबतच्यांना सांगायचे, "सरांमुळे मी ताठ उभा राहिलो." आणि माझी छाती फुगायची. दर वेळी.

सावंत वारले. शोकसभेत मला बोलायला लावलं. मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, पपांची ती पोलंडची गोष्ट सांगाल ना?"

सांगितली. सही केली नाही, असंच सांगितलं. त्या दिवशी मी मुलुंडपेक्षाही चांगला बोललो.