एकाच वर्गातले व्याही

लेकीचा कडेगावहून फोन आला तेव्हा मी उंब्रजच्या घरी दाढी करत होतो. "आबा गेले," एवढंच ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. सकाळचा चहा घेऊन पलंगावर टेकले होते, ते उठलेच नाहीत. मी अर्धी दाढी तशीच ठेवून एसटीत बसलो. सुभेदार असते तर आधी त्या दाढीला हसले असते…

तिसऱ्या दिवशी राख सावडायला भावकी जमली, तेव्हा सांगलीहूनही सातआठ जण आले. त्यात एक वकील, एक रिक्षावाला, एक सत्तरीचे आजोबा आणि एक पंचविशीतला इंजिनिअर. कुणीतरी विचारलं, पाव्हणं कुठले? वकील गडबडले आणि म्हणाले, आम्ही सुभेदारांच्या वर्गातले. भावकी चक्रावली. दहावी नापास होऊन पलटणीत गेलेल्या माणसाच्या वर्गात हा इंजिनिअर कसा? मला हसू आवरेना. मी टॉवेल तोंडाला लावला. लोकांना वाटलं, व्याही रडतायत. तेही खरंच होतं.

आता सांगायला हरकत नाही. विहीणबाईंनीच लिहा म्हटलंय. सुभेदारांचं नाव तेवढं लिहीत नाही, आमच्या त्या वर्गात तसा नियम आहे.

नऊ वर्षांपूर्वी लग्नाच्या बैठकीत मी छातीठोक सांगितलं होतं की आमच्या घरात सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. सुभेदार म्हणाले होते, आमच्यात चहाही बेतानंच. दोघंही एकमेकांकडं न बघता बोललो होतो. मी हेडमास्तर. माझी बाटली पूर्वी शाळा सुटल्यावर उघडायची; निवृत्तीनंतर ती शाळा भरायच्या वेळेलाच उघडायला लागली. कराडच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून बरंच सुनावलं आणि दारू सोडलेल्या लोकांच्या गटाबद्दल सांगितलं. गट कराडातही होता, पण तिथं दर तिसरा माणूस माझा विद्यार्थी. म्हणून मी सांगलीचा पत्ता घेतला. तिथं मला ओळखणारं कोण असणार? घरी सांगितलं, पेन्शनचं काम आहे.

गुरुवारी दुपारी, सकाळची शाळा सुटली की तिथल्या एका वर्गात बैठक भरायची. पत्ता विचारायची लाज, म्हणून मी शाळेभोवती चकरा मारत राहिलो. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, मिटिंगला आलाय न्हवं, मागच्या दारानं जावा; नवीन माणूस तीन फेऱ्या मारल्याबिगर आत जातच न्हाई.

आत दुसरीचा वर्ग. भिंतीवर पाढे. छोट्या बाकांवर दहाबारा मोठी माणसं, आणि पहिल्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून, माझे व्याही.

माझ्या तोंडून निघालं, "मी… शाळा तपासायला आलो होतो."

सुभेदारांनी सरकून जागा केली. "बसा गुरुजी. मीबी शाळाच तपासतोय, चार म्हयनं झालं."

त्या दिवशी बोलायची पाळी त्यांची होती. माझ्याकडं एकदा बघून ते उभे राहिले. म्हणाले, बर्फात होतो तवा रम थंडीसाठी घ्यायचो. कडेगावात बर्फ न्हाई, पर माझी थंडी काय जाईना. सगळे हसले. मग त्यांनी नातीचं सांगितलं. तिला घेऊन अंगणात उभे असताना त्यांचा तोल गेला होता. "सून काय बोलली न्हाई," ते म्हणाले. "नुसतं पोरीला माझ्या हातनं काढून घेतलं."

ती सून म्हणजे माझी लेक. मला संताप यायला हवा होता. पण आठवलं ते दुसरंच. लहानपणी संध्याकाळी मी दारात आलो की ती काही न बोलता माझ्या हातातली सायकल काढून घ्यायची. ती हे कुठं शिकली, ते त्या वर्गात फक्त मला ठाऊक होतं. माझी पाळी आल्यावर मी तेवढंच सांगितलं आणि खाली बसलो. सुभेदारांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ तिथंच होता.

स्टँडवर आमचा करार झाला: यातलं घरी काही बोलायचं नाही. तो पाळताना फार तारांबळ उडाली. उंब्रजच्या यात्रेला मटणाच्या पंगतीआधी माझ्या मेव्हण्यानं व्याह्यांच्या मानाची बाटली काढली, तर आम्ही दोघं एकदमच उठलो आणि दोन दिशांना निघून गेलो. घरात बातमी झाली, व्याह्यांचं बिनसलं. लेक फोनवर रडली. समेट घडवायला दोन्हीकडचे थोरले बसले. बांधावरून नाही, मानपानावरून नाही, तर कशावरून भांडलात, असं त्यांनी तीनतीनदा विचारलं.

शेवटी विहीणबाईंनीच सोडवलं. सुभेदार घरी डोळ्याच्या डॉक्टरकडं जातो म्हणून सांगत. त्या सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाल्या, "वरीसभर दर गुरुवारी डोळं दाखवतोय, आन् चष्मा तोच. मी काय आंधळी हाय व्हय? कुठं जाता ते मला पयल्या म्हयन्यातच कळलंय. जावा तिकडंच दोघंबी." मग माझ्या लेकीनं आत जाऊन नातीला उचलून आणलं आणि आबांच्या मांडीवर ठेवलं. सुभेदारांनी तिला दोन्ही हातांनी असं धरलं, जसं काही शिगोशीग भरलेलं पातेलं.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही उघड उघड एका बाकावर बसलो. मधे एकदा मी घसरलो आणि तोंड दाखवायचं टाळलं, तर सुभेदार उंब्रजला आले, जेवले, उसाच्या तोडणीवर बोलले आणि जाताना म्हणाले, "गुरुवारी तुमची जागा धरतो."

ते गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी जायचं नाही असं ठरवलं होतं. त्या बाकावर एकट्यानं बसणं झेपलं नसतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मनात दारूचं दुकान घोळत होतं, आणि ते सांगलीच्या रस्त्यावरचं नव्हतं. सकाळी नऊला फोन वाजला. सुभेदारांच्या नंबरवरून. चष्मा लावून नंबर पुन्हा बघितला, मग उचलला.

विहीणबाई होत्या. "गुरुजी, निघालाय न्हवं?"

उत्तराची वाट न बघता त्या पुढं म्हणाल्या, "दर गुरुवारी नवाला ह्यांचा फोन व्हायचा. आता मी करनार. उचलत जावा."

निघतोय, मी म्हणालो, आणि फोन कानाला तसाच धरून चपला शोधायला लागलो.