लांबच्या प्रवासाची गाडी

उदगीरच्या त्या गॅरेजवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. ऐन दुष्काळात मला जुनी मोटारसायकल लडाखसाठी सजवायचं खूळ लागलं होतं. त्याने पुढचे शॉकअप बदलले, जाड नक्षीचे टायर चढवले. एकेक काम उरकलं की तो मूठभर कोरड्या मातीने हात चोळायचा आणि पँटला पुसायचा. मागच्या भिंतीवर 'नवा जिल्हा झालाच पाहिजे' असं रंगवलेलं होतं.

"मागं दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड करा. लई लांब जायचंय," एवढं सांगून मी गेलो.

संध्याकाळी येऊन बघतो तर दोन्हीकडे गोल कडी. माझ्या सामानाच्या चौकोनी पेट्या त्यात बसेनात.

"हे काय करून ठेवलंत?" मी ओरडलोच.

तो गांगरला. कोपऱ्यातली रिकामी घागर आणून त्याने कड्यात ठेवली आणि गाडी गदागदा हलवून दाखवली. घागर जरासुद्धा खडखडली नाही.

"उन्हाळाभर हेच करायलोय, साहेब," तो म्हणाला. "तुमी लांब जायचं म्हणलाव. मला वाटलं, पाण्यालाच चाललाव."