डॅशबोर्डातली पाल

मी गाड्यांचा विमा-सर्व्हेअर. ठोकलेल्या गाडीभोवती फिरायचं, फोटो काढायचे आणि मालक किती खोटं बोलतोय ते ओळखायचं, बावीस वर्षं यावरच पोट भरलंय. "साहेब, अचानक काळं काहीतरी आडवं आलं" हे मी शेकडो वेळा ऐकलंय... ते काळं काहीतरी बहुतेक वेळा बाटलीतून निघालेलं असतं. त्यामुळे भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि या सदरातले अनुभव मी हसण्यासाठीच वाचत आलो. आता माझा वाचा. हसायचं तिथे हसा, सुरुवात तशीच आहे.

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. गाव उमरेड, गाडीने तासाभराचा रस्ता. तिथे मोठा भाऊ सुरेशदादा आणि आई. आम्ही विणकर. वडील गेल्यावर माग बंद पडला, पण पुढच्या खोलीत तो तसाच उभा होता आणि आई तो रोज पुसायची.

तीन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड गाडी घेतली. डॅशबोर्डात पाल आहे हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. पहिल्याच फेरीत दिघोरीच्या सिग्नलवर ती बायकोच्या मांडीवर पडली. बायको एका चपलेनिशी रस्त्यावर उतरली आणि सिग्नल सुटला तरी आत येईना. मागचे हॉर्न वाजवतायत, मी डब्याच्या झाकणाने पाल हाकलतोय. नंतर एकदा ती मेहुण्याच्या टकलावरून पलीकडे गेली. त्याने घरी जाऊन पंचांग काढलं, तर डोक्यावर पाल पडण्याचं फळ वाईट निघालं. पडली नाही, नुसती चालत गेली, अशी मी त्याची समजूत घातली.

आमच्याकडे कुणी बोलल्याबरोबर पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं मानतात. बोटाने तीनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "खरं आहे." आई गाडीतही हे करायची. एकदा सासरे मागे बसून म्हणाले, जावई चांगला मिळाला. पाल गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, तसा माझ्या मनात दुसरा मुलगा होता. चुक चुक चुक... आईने डॅशबोर्डवर टकटक केली आणि बायको उमरेडपर्यंत हसत राहिली. सासरे परतीला एसटीने गेले.

इथवरच हसणं.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आईला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आणायचं ठरलं. दोन महिन्यांनी परत पाठवायचं, असं तिला सांगितलं. दादाला पुढच्या खोलीत मुलासाठी मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. ती नागपूरला गेली की माग मोडायचा, हे आमचं फोनवर ठरलं होतं. मी एकच अट घातली, आईला सांगायला मला लावू नको. माझी माणुसकी तेवढीच.

निघताना तिने वडिलांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, पिशवीत घेतला. लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, हात लागून गुळगुळीत झालेला. गाडी सुरू झाल्यावर तिने तो मांडीवर काढून ठेवला. पाचगाव मागे पडल्यावर तिने विचारलं, "दिलीप, माग राहीन ना गा तसाच?"

"राहीन वं आई. कोण हात लावते त्याले?"

ती डॅशबोर्डाकडे बघत बसली. वाट बघत होती. मीही बघत होतो, आणि हे लिहायला मला लाज वाटते, की चुकचुक व्हावी म्हणून मी मनातल्या मनात त्या पालीला विनवत होतो. काही आवाज आला नाही.

मग ती शांतपणे म्हणाली, "मी आता उमरेडले वापस जात नाही."

चुक चुक चुक.

आईने बोटाने तीनदा टकटक केली. म्हणाली, "खरं आहे."

आठवड्याने गाडी सर्व्हिसिंगला दिली. मेकॅनिकने एसीचा फिल्टर काढून दाखवला. आत पाल, वाळून कागद झालेली. त्याच्या मते मरून सहा महिने तरी झाले होते. म्हणजे आईला आणलं त्याच्या किती तरी आधी. दुसरी असेल, मी म्हणालो. अख्खा डॅशबोर्ड खोलायला लावला. पाल नाही, अंडी नाहीत, लेंडीसुद्धा नाही.

आई त्यानंतर आठ महिने जगली, आमच्याकडे नागपुरातच. त्या आठ महिन्यांत तिने मागाचं नाव काढलं नाही. एकदा तरी विचारायला हवं होतं तिने... मी पुन्हा खोटं बोललो असतो, पण विचारायला हवं होतं. ती गेल्यावर उमरेडला गेलो, तर मागाच्या लाकडाचं दुकानाचं काउंटर झालेलं. लाकूड मजबूत होतं, वाया नाही जाऊ दिलं, असं दादाने सांगितलं. भेटायला आलेल्यांनी चहाचे कप त्यावरच ठेवले. मीही ठेवला.

परतताना गाडीत एकटाच होतो, दुपारची वेळ. पाचगावच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि मोठ्याने म्हणालो, "आई, मले काही माहीत नव्हतं."

गाडीत शांतता.

मग म्हणालो, "माहीत होतं."

चुक चुक चुक.

मी डॅशबोर्डवर तीनदा टकटक केली. "खरं आहे" म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही, रडत होतो.

आमच्या रिपोर्टात कारणाचा एक रकाना असतो, तो भरल्याशिवाय फाईल बंद होत नाही. इथे काय लिहावं ते मला आजही कळलेलं नाही. गाडी विकायला काढली आहे. गिऱ्हाईक बसून बघतात, एसी लावतात आणि विचारतात, "काही प्रॉब्लेम तं नाही ना गाडीत?"

उत्तर द्यायला मी गाडीतून खाली उतरतो.