मागच्या सीटवरचे सामंत

लंडनच्या ईलिंग भागातल्या निम्म्या मराठी घरांना गाडी चालवायला पुरुषोत्तम सामंतांनी शिकवलं. मलाही त्यांनीच. तीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर बसत आले. पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असायचा. आवाज कधी चढायचा नाही. "मिरर, सिग्नल, आता हळू," एवढंच. हा माणूस कशाला घाबरत असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

मग काचबिंदू झाला. आधी कडेकडेचं दिसणं गेलं, आणि ते गेलंय हे त्यांना कळलंही नाही. एका दुपारी झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई बाळाची बग्गी घेऊन डावीकडून आली. सामंतांना ती दिसलीच नाही. ब्रेक मारला तो शिकणाऱ्या मुलीने. त्याच आठवड्यात त्यांनी लायसन्स परत पाठवलं. पुढच्या दोन वर्षांत फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळायचा उरला, आणि भीती घरात राहायला आली. जिन्याची, उकळत्या किटलीची, पार्कमधल्या मोकळ्या कुत्र्यांची. बाहेर जायचीही. पण बोलून दाखवायचे नाहीत. "आज गुडघा दुखतोय," म्हणायचे. त्यांच्या पत्नी नीनाकाकू बिचाऱ्या गुडघ्याला तेल लावून द्यायच्या.

त्यांची मुलगी अन्वी मँचेस्टरला फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या सप्टेंबरात तिने परस्पर बुकिंग केलं. फ्रान्समध्ये लॉट नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांतून बत्तीस किलोमीटरची सायकलफेरी. नदीकाठच्या गावातून निघायचं, टेकडी चढून पलीकडे उतरायचं आणि काठाकाठाने परत यायचं. सायकल दोघांची, टँडम. अन्वी पुढे, बाबा मागे.

"मॉडरेट लिहिलंय," ती म्हणाली. "म्हणजे इझी, बाबा. फक्त एक छोटा टेकडी आहे." तिचं मराठी असंच, ईलिंगमध्ये वाढलेलं.

लेकीला नाही कसं म्हणायचं, म्हणून सामंत गेले.

टँडमवर मागच्या माणसाचं हँडल फिरत नाही. ब्रेक नसतो. दोघांची पेडल्स एकाच साखळीने जोडलेली. एकाचा पाय थांबला की दुसऱ्याचाही थांबतो. हे सगळं सायकल भाड्याने देणाऱ्या माणसाने नीट समजावलं, आणि ते ऐकता ऐकता सामंतांनी आपलं हँडल दोनदा फिरवून पाहिलं.

पहिल्याच चौकात समोरून येणारी गाडी त्यांच्या डाव्या कानाशी आली. "अन्वी, लेफ्ट! कीप लेफ्ट!" ते ओरडले.

"बाबा, इथे राइटला चालवतात!"

हे त्यांना माहीत होतं. पण कानांना पटत नव्हतं. प्रत्येक गाडी चुकीच्या बाजूने अंगावर येत होती. चढावर जरा बरं वाटलं. वेग कमी, दोघांचा श्वास जड, हवेत पिकलेल्या द्राक्षांचा आंबूस वास, आणि मळ्यात कुठेतरी काढणीच्या यंत्राची घरघर. माथ्यावर थांबून त्यांनी पाणी प्यायलं. आता उतार.

चाकांचा आवाज बारीक होत होत शिट्टीसारखा झाला. वारा कानात भरला, त्यामुळे दुसरं काही ऐकू येईना. रस्ता किती वळतोय, खाली किती खोल आहे, काहीच कळेना. सायकल एका बाजूला कलली तेव्हा त्यांना वाटलं, गेलो. आणि त्यांचा उजवा पाय सवयीने खाली गेला, तीस वर्षं जायचा तसा, सगळा जोर लावून.

तिथे ब्रेक नव्हता, पेडल होतं. अन्वीच्या पायाखालून तिचं पेडल निसटलं. सायकल भेलकांडली, खडीवर घसरली आणि दोघं कडेच्या मळ्यात जाऊन पडले.

सामंत गवतात पडले होते. जवळच एक चाक गरगर फिरत होतं.

"अन्वी?"

उत्तर नाही.

"अन्वी! बोल ना गं!"

चाक थांबलं. आता काहीच आवाज नव्हता. सामंत हातापायांवर रांगायला लागले. हाताला ढेकळं लागली, वेलींची तार लागली, फुटलेली द्राक्षं लागली. बोटं ओली झाली ती रसाने की रक्ताने, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी बोटं चाटून पाहिली. गोड. मग हाताला एक बूट लागला. बुटात पाय होता. पाय हलत नव्हता. "मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही," असं त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगतानाही त्यांचा आवाज खाली गेला होता.

मग घशातून वारा ओढल्यासारखा आवाज आला. अन्वी पाठीवर आपटली होती, तिचा श्वासच अडकला होता. मिनिटभराने ती बोलली, "मी ओके आहे. कोपर सोललाय फक्त."

सामंत तिचा पाय धरून रडले. "माझ्यामुळे झालं. मी ब्रेक दाबला."

"मला कळलं, बाबा."

"मला भीती वाटते गं. रोज वाटते. घरी पण."

अन्वीने त्यांच्या हाताला लागलेली माती पुसली. "मला पण वाटली. त्या टर्नवर. मी पण खूप घाबरली."

हेल्मेटं शाबूत होती, सायकलचं मडगार्ड तेवढं वाकलं होतं. भाडेवाल्याला फोन लावला तर व्हॅन यायला दोन तास. उतार दोघांनी चालत संपवला. खाली नदीकाठचा नऊ किलोमीटरचा सपाट रस्ता उरला होता.

"थांबू या व्हॅनसाठी?" अन्वीने विचारलं.

सामंतांनी चाचपडत मागची सीट शोधली. मग म्हणाले, "तू दिसेल ते मोठ्याने सांगत चालव. सगळं. गप्प बसायचं नाही."

"ओके. रस्ता सरळ आहे. राइटला नदी. एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन येते, कुत्रा बांधलेला आहे. आता पूल येतोय, छोटा पूल. खडखड होईल, बाबा."

खडखड झाली. सामंतांनी हँडल आवळून धरलं, पण पाय फिरवत राहिले. नऊ किलोमीटरांत भीती एकदाही गेली नाही. गावात पोचल्यावर त्यांची बोटं हँडलवरून सुटेनात, तेव्हा अन्वीने ती एकेक करून सोडवली.

संध्याकाळी त्यांनी नीनाकाकूंना फोन करून झालेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

"अहो, पुरे आता, घरी या," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वीने विचारलं, आज काय करायचं?

"जाऊ या," सामंत म्हणाले. "पण उतार नको."