फरशीच्या रेघेवर चालवणारे साडू

साडूंनी मला त्यांची भावकी रक्ततपासणीच्या शिबिराला आणायला सांगितली आणि मी निम्मी भावकी घरीच ठेवून आलो. पुरुष तेवढे आणले. सोबत त्यांच्या बायका आल्या, कारण जेवण होतं. लेकींना मात्र मी निरोपच दिला नाही, कारण आमच्याकडे भावकीत लेकी धरत नाहीत. एकदा दिली की ती दुसऱ्यांची. दोन जीप भरून माणसं नांदेडला उतरवली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांच्या बहिणी कुठायत?"

"दिल्या की."

"कुठं?"

"लोकांत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे सांगितलं की हा आजार आडनाव बघून येत नाही, लेकीतही लेकाइतकाच उतरतो. आणि सुना बाहेरून आलेल्या, त्यांच्या रक्तात घराण्याचं काही सापडायचं नाही. तोवर मी, म्हणजे घराण्याच्या जावयाचा साडूसुद्धा नव्हे, तर नुसता बायकोच्या बहिणीचा नवरा ज्या घरात जन्मला त्या घराचा पाहुणा, सर्वांच्या आधी रक्त देऊन, दंडावर कापूस दाबून बिस्किटं खात होतो.

अशा माणसावर विश्वास टाकणारे माझे साडू म्हणजे नांदेड-लातूरच्या पट्ट्यात दुसऱ्याच्या पायांकडे सर्वांत जास्त पाहिलेला माणूस, चपलांचे दुकानदार धरूनही. नोकरी एसटीत वाहकाची. निवृत्तीनंतर मुक्काम अहमदपूर. लग्नाला गेले की नवरा-नवरी कशी आहेत हे त्यांना सांगता येत नाही, पण दोघं मांडवात कशी चालत आली हे पावलापावलाने सांगतील. मुलगी बघायला गेल्यावर तिला चालायला लावायची खोड जुन्या लोकांना होती. साडू मुलाला चालायला लावतात. "बसू नका लगेच, त्या खिडकीपर्यंत जाऊन या," असं म्हटल्यावर एक इंजिनिअर स्थळ खिडकीवरून थेट घरी गेलं. त्यांच्या बैठकीत फरशीच्या दोन ओळींमधली रेघ आहे. त्या रेघेवरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत चालून दाखवल्याशिवाय पाहुण्याला चहा नाही. मी एकदा भरल्या पोटी चाललो आणि टीपॉयवर आदळलो. पुढचा महिनाभर साडू रोज सकाळी फोन करायचे, "साडूभाऊ, जिना नीट उतरलात ना?" शेवटी मी तळमजल्यावर राहायला जावं असा सल्ला बायकोला देऊन मोकळे झाले.

हा नाद उगाच नव्हता. त्यांच्या घराण्यात चाळिशीच्या आसपास एखाद्याची चाल झोकांड्या खायला लागते, मग हात ऐकेनासा होतो, मग जीभ जड होते. वडील माळकरी, दारूच्या दुकानावरून जायचं नको म्हणून लांबच्या वाटेने बाजाराला जायचे. तरी पाय अडखळायला लागल्यावर गावाने त्यांना दारुड्या ठरवलं. थोरला भाऊ त्याच वाटेने गेला आणि त्याची मुलगी साडूंनी वाढवली. साडू स्वतः सुटले. "मला असता तरी कुणाला कळलं नसतं राव, जल्मभर हलत्या गाडीत उभा होतो," असं ते म्हणतात.

पुतणी आता लातूरला शिक्षिका आहे. एका मुलाने सगळं माहीत असून तिला मागणी घातली होती. पण ती म्हणायची, "काका, माझ्यात हाय का न्हाई हे कळल्याबिगर मी कुणाचं घर मांडणार न्हाई." आणि ते कळायचं तर आधी घराण्यातला दोष नेमका कुठे आहे हे सापडायला हवं होतं. साडूंनी मला ते त्यांच्या भाषेत समजावलं, "रक्तातलं गुणसूत्र म्हणजे लई लांबचा रूट हाय. आजारी माणसं सगळी कुठल्या थांब्यावर सारखी उतरतात अन् चांगली माणसं तिथं उतरत न्हाईत, ते डॉक्टर बघून राहिलेत." आजारी माणसं कमी पडत होती. देगलूरला दिलेल्या त्यांच्या आत्याची चाल उतारवयात बिघडल्याचं कानावर होतं, म्हणून ती हवी होती, आणि नेमका तिलाच मी निरोप दिला नव्हता.

मग डॉक्टरीणबाई, साडू आणि मी देगलूरला गेलो. आत्याच्या मुलाने दारातच सांगितलं, "आईला गुडघेदुखी हाय. बाकी काई न्हाई." त्याच्या पोरीचं लग्न ठरत होतं, त्याचंही चुकत नव्हतं. मी त्याला घराण्याच्या इज्जतीवर दोन शब्द ऐकवणार तेवढ्यात साडूंनी माझा हात दाबला. आतून आत्या भिंत धरून आली. आयुष्यात पहिल्यांदा साडूंनी माणसाच्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघितलं. "आत्या, दादाच्या पोरीला कळायला पाहिजे," एवढंच म्हणाले.

आत्या बराच वेळ शब्द जुळवत होती. "माझ्या भावाला दारुड्या म्हणले," ती म्हणाली. "मी बाईमाणूस, म्हणून मला गुडघेदुखी." आणि तिने बाही वर केली. मुलगा पाणी आणायला आत गेला.

काही महिन्यांनी दोषाची जागा सापडली. घराण्यातल्या प्रत्येक आजारी माणसात तीच चूक, त्याच ठिकाणी. मग पुतणीची तपासणी. खरंच कळून घ्यायचंय का, हे तिला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं आणि प्रत्येक वेळी ती होच म्हणाली. निकालाच्या दिवशी ती एकटीच आत गेली. बाहेर आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. "न्हाई काका. माझ्यात न्हाई."

साडू बाकावर बसले ते बसूनच राहिले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "अन् ज्यांच्यात हाय, त्यांचं?" बाई खोटं बोलल्या नाहीत. औषध अजून नाही, पण कुठे शोधायचं हे आता कळलंय, म्हणाल्या. साडूंनी मान हलवली. "आमच्या आत्याला उशीर झाला," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आत्याला कळवायला हवं होतं, आणि काका-पुतणी दोघंही बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून फोन मी लावला. गुणसूत्र, त्याचा तुकडा, त्यातली चूक, चूक उतरण्याची शक्यता असं सगळं पहिल्यापासून नीट समजावत गेलो. आत्याची जीभ आता फार अडते, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. पण हे वाक्य तिने एका दमात टाकलं:

"पाव्हणं, तुम्हाला यातलं काई कळलेलं न्हाई. फोन पोरीला द्या."