आलेखातली खाच

पिठल्याचा वास आला की चारकोपच्या घरातली ती दुपार आठवते. आईला स्मशानात पोचवून सगळे परतले होते, घरात गॅस पेटवायचा नव्हता, म्हणून शेजारणीने पिठलं-भात आणून ठेवला होता. तेवढ्यात माझ्या पीएचडीच्या सरांचा मेल आला. त्यांना घरचं काहीच माहीत नव्हतं. अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेला, जवळच्या एका ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाचा वर्णपट आला होता. त्याची मी वर्षभर वाट बघत होते. ओल्या केसांनी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले आणि आलेखातली खाच मोजायला लागले. रडू येत नव्हतं. मालवणहून आलेली मावशी दारात येऊन थांबली. “काय बघतंस गो?” “तारा आणि आपण यांच्यामध्ये विरळ वायू असतो, तो किती आहे ते.” “दिसता तो?” “नाही. ताऱ्याचा थोडा प्रकाश तो गिळतो, तिथे आलेखात ही खाच पडते, त्यावरून कळतं.” आता ही ओरडणार, असं मला वाटलं. ती पलंगावर टेकली आणि म्हणाली, “कर तुझा काम, मी हंय बसतंय.” संध्याकाळपर्यंत बसून राहिली. तो आकडा पुढे छापून आला, अजूनही बरोबर आहे. आईला त्या दिवशी कुठली साडी नेसवली होती, ते मात्र मला मावशीलाच विचारावं लागलं.