लाल गाडीतला माणूस

अकोल्यात माझ्या घरासमोर स्पेअर पार्टचं दुकान आहे. चोवीस तासांची कार शर्यत लागली की दुकानाचे मालक भाऊ टीव्हीपुढे उभे राहून समालोचकाशीच भांडतात. "अबे, मागची गाडी दाखव ना! कावून जाहिराती दाखवून राहिला?" त्यांची लाडकी गाडी निळी. पुढे पळणाऱ्या लाल गाडीला ते मनसोक्त शिव्या घालतात.

यंदा शर्यत संपत आली असताना लाल गाडी वळणावर घसरली आणि भिंतीवर आदळली. दुकानात जमलेल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. निळी आता जिंकणार होती.

"चूप बसा बे!" भाऊ ओरडले. "मानूस हाये तिच्यात!"

कॅमेरा मात्र निळ्या गाडीकडे वळला. समालोचक तिचंच कौतुक करत होता.

"त्याले दाखव ना, त्याले!" भाऊंचा आवाज चिरकला. मीही टीव्हीजवळ सरकलो.

बऱ्याच वेळानं लाल गाडी पुन्हा दिसली. दार उघडलं. चालक बाहेर आला, लंगडत चार पावलं चालला.

भाऊ मागच्या नळावर तोंड धुवायला गेले. निळी जिंकली तेव्हा ते तिथंच होते.